म्हाताऱ्यांच्या पाळणाघराला सील

प्रिय उन्मेष,

काल तुझा माणूस येऊन माझ्या खोल्यांना सील ठोकून गेला. तू स्वतः आला नाहीस ते बरंच झालं, नाहीतर सगळ्या चाळीसमोर तुझी आरती ओवाळली असती. सतरा म्हातारी माणसं गॅलरीत बसवली आणि एकेकाच्या घरी फोन लावत राहिले. अप्पांच्या सुनेने तर माझा आवाज ऐकून कटच केला.

सात वर्षं लालबागच्या या दोन खोल्यांत लोकांचे आईबाप दिवसभर सांभाळले. वाती वळायच्या, मेथी निवडायची, दुपारी मऊ वरणभात. कुणी पडलं नाही, कुणी हरवलं नाही. आता म्हणे वरून हुकूम आलाय: लिफ्ट हवी, दुसरा जिना हवा, पूर्ण वेळ नर्स हवी. शंभर वर्षांच्या चाळीत लिफ्ट! पैसे कुणी द्यायचे, यावर त्यात एक अक्षर नाही. तुमच्या वॉर्ड ऑफिसलाही ना दमडी दिली ना तपासायला माणूस, हे तूच सांगितलंस. महिनाअखेरीस किती बंद केली तेवढं कळवा, एवढंच.

मग तुम्ही काय केलंत? नोंदवही उघडलीत. वॉर्डात अशी आठ घरं चालतात. पलीकडच्या चाळीतल्या शैलाने तर पोटमाळ्यावर बारा जण कोंबलेत. पण नोंदणी माझ्या एकटीची. कारण तू म्हणाला होतास, किर्ती, कागद चोख असू देत. फॉर्मसुद्धा तूच भरलास. तुझं ऐकायची माझी जुनी खोड, मेली जात नाही. आपल्या लग्नाच्या वेळी थांब म्हणालास, तेव्हाही थांबलेच होते की! कागदच न केलेली शैला आज मजेत आहे.

संध्याकाळी तुझा फोन आला. वाटलं, माफी मागशील. तर म्हणतोस, बाकीच्यांचं बघतील त्यांची मुलं, माझ्या आईला तेवढं गुपचूप तुझ्या घरी ठेव. वा रे साहेब! सोळा जणांना नियम आणि आनंदीबाईंना किर्ती. मी हो म्हटलं. सकाळी रुचा, तुझी बायको, त्यांना माझ्या दारात सोडून गेली. आत आलीसुद्धा नाही.

त्यांना टॅक्सीने तुझ्या ऑफिसात आणलं, केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं, औषधांची पिशवी मांडीवर ठेवली आणि मी निघाले. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. दिवाळीपासून त्या तुला ओळखत नाहीत. तू न्यायला आलास की मला हळूच विचारायच्या, हा रोज मला घरी सोडणारा भला माणूस कोण गं? तुला लागेल म्हणून मी गप्प राहिले. आता राहणार नाही. हे पत्र त्यांच्याच हातात दिलंय. सांगितलंय, हा अर्ज आहे, आतल्या साहेबांना द्या, ते तुमच्या उन्मेषला शोधून देतील. फार आशेने आल्यात रे. सांग त्यांना, सापडतोय का.

कधीकाळी तुझीच,
किर्ती