झुकतं माप

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. फोनची तार तुटली ती तुटलीच, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. बाबांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले, ह्या तुझ्या दोन ओळी आईला वाचून दाखवताना मी गाळल्या, तर तिने ओळखलं. आता तुझं पत्र आलं की ती चष्मा लावून आधी स्वतः वाचते. कमरेचं हाड सांधेपर्यंत तिला उठायचं नाही, आणि एकच पालुपद चाललंय, त्यांना एकदा डोळ्यांनी बघू दे.

बसचे दोन दिवस बाबांना झेपायचे नाहीत, म्हणून मी विमानाच्या मागे लागले. हसू नकोस! फ्लाइंग क्लबमधला एक जण स्वस्तात आणतो म्हणाला, पण त्याला भाडं घ्यायचा परवाना नाही. बाबांना कळलं तर अर्ध्यातून उतरून चालत येतील. परवानावाल्या कंपनीचं अख्खं विमान आपल्या आवाक्याबाहेरचं. पण तेच विमान जमिनीच्या मोजणीवाल्यांना तिकडे सोडून इकडे रिकामं परततं, आणि ती परतीची फेरी आपल्याला परवडते. तुम्हा दोघांची वजनं कळव, छोट्या विमानात तोलून मापून बसवतात. धान्यबाजारात जन्मभर कुणाला झुकतं माप न देणाऱ्या तोलाऱ्याचं वजन आहे, चुकवू नकोस हं.
लोभ आहेच, वाढता ठेव.
तुझी ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. भाजीला जाताना पिशवी विसरणारी तू, विमान आणलंस? धन्य आहेस बाई! बाबांना सांगितलं तर म्हणाले, परवाना नीट बघितलास ना, ते विचार.

बाबांचं वजन बहात्तर, माझं चौऱ्याऐंशी. आई, वाचते आहेस ना? दूध घेतात, मिशीला हात लावू देत नाहीत. थोडे उतरलेत, इतकंच.
सर्वांचा लोभ आहे तो सांभाळावा.
धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. अकरा तारखेला सकाळी बाबांना घेऊन विमानतळावर जा. विमान चालवणाऱ्या कॅप्टनबाई भल्या आहेत, पण माणसं आणि सामान मिळून एकशे तीस किलोंच्या वर ऐकत नाहीत. तुमचे होतात एकशे छप्पन्न. सव्वीस किलोंवर अडलं बघ, जेवण आवर म्हणून किती वेळा सांगितलं! तेव्हा बाबा एकटे येतील, तू मागून बसने ये. उरलेल्या अठ्ठावन्न किलोंत आपल्या दवाखान्याची औषधं येणार आहेत, इथे पोरांत गोवराची साथ आहे.

बाबांना सांग, आईने केस विंचरून घेतलेत.
लोभात खंड नको.
ताई

११ फेब्रुवारी, कॅप्टनबाईंच्या हाती

ती. ताईस नमस्कार,
हे एकटीने वाच. बाबा बहात्तरचे नाहीत. त्रेचाळीसचे आहेत. आई वाचेल म्हणून मी दवाखान्यात आणतानाचं वजन लिहिलं. वाटलं, जास्त लिहिलेलं बरं, कमी पडायला नको. अक्कल चरायला गेली होती माझी. त्रेचाळीस आणि चौऱ्याऐंशी, एकशे सत्तावीस. मी बसलो असतो गं ताई.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. सकाळी विमानतळावर बाईंच्या पाया पडलो. खोकी उतरवू का, असं त्यांनी विचारलंही. बाबांनीच मान हलवली, पोरांचं औषध आहे म्हणाले. मला धरून काट्यावर उभे राहिले, आकडा स्वतः वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी उचलून त्यांना सीटवर ठेवलं. उद्याच्या बसने निघतो.
तुझा धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. बस जेवायला थांबते त्या हॉटेलवर हे पत्र ठेवायला सांगितलंय. बसून वाच. बाबा वाटेतच गेले रे. उतरायला वीस मिनिटं राहिली होती. बाईंनी एका हाताने त्यांचा हात धरून ठेवला होता.

आईने त्यांचं काडी झालेलं मनगट हातात घेतलं आणि तिला सगळं कळलं. मग मी तुझं पत्रही दिलं तिला. रडली, तुझ्यावर चिडली, आणि आता म्हणते, त्या गाढवाला लवकर बोलाव, एकटाच रडत बसला असेल.

बाबा विमानात एकदाच बोलले. कॅप्टनबाईंना म्हणाले, मी जन्मात कुणाला झुकतं माप दिलं नाही, पोराने मला दिलं. हसून म्हणाले का, हे मी बाईंना दोनदा विचारलं. इंजिनाच्या आवाजात कळलं नाही म्हणाल्या.

ये लवकर. लोभ आहे तेवढाच आहे, तो तोलत बसू नकोस.
तुझी ताई