मंदाकिनीच्या गाण्याला माझी साथ

२४ ऑगस्ट २००३, रविवार
व्हीआरएस झाली, आता कला. दसऱ्याला सोसायटीत मंदाकिनी गाणार. लग्नानंतर पहिल्यांदाच! साथीला व्हायोलिनवर मी, असं कमिटीला परस्पर कळवलं. तिला सांगितलं तर नुसतं ‘बरं’ म्हणाली. आनंदाने शब्द फुटेना बिचारीला.

३० ऑगस्ट
व्हायोलिन घेतलं. दुकानदार म्हणाला, गज सरळ आहे का डोळ्यासमोर धरून बघा. म्हटलं, खडकीच्या फॅक्टरीत आयुष्यभर इन्स्पेक्शन केलंय. मग तिथूनच घ्यायचं होतंत, म्हणाला. सर्वांत चकचकीत होतं ते उचललं. गजाच्या केसांना त्याने राळ चोळून दिली, तिच्याशिवाय तार बोलत नाही म्हणे. वाजवून झालं की गज सैल करा, हेही ऐकवलं.

७ सप्टेंबर
रियाज सुरू. खालच्या तुळजाबाई वर येऊन विचारून गेल्या, घरात कोणी आजारी आहे का. मुलगा केदार हिंजवडीत सॉफ्टवेअर करतो. त्याने नेटवर वाचलंय की केसांना बोटसुद्धा लावायचं नाही आणि राळ लावत राहायचं. म्हटलं, बाबा रे, तू तुझा माउस सांभाळ. आणि गजाचा आवळलेला स्क्रू रोज सैल करायचा म्हणे! आमच्याकडे मेमो मिळाला असता.

२१ सप्टेंबर
मंदाकिनी स्वयंपाकघराचं दार लावून गाते. बाहेर उभा राहून ऐकलं. काय गळा आहे अजून! डोळे भरून आले. माझ्यामुळे हिचं गाणं बिघडता कामा नये. उद्यापासून पहाटे पाचला रियाज.

२२ सप्टेंबर
पाठ धरली. मंदाकिनीने सुचवलं, चौथ्या मजल्यावरचे श्यामसुंदर पेटीवर बसतील का? म्हटलं, छे, उगाच गर्दी. भाजी खारट झाली होती.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
फॅक्टरीत आज मशीनं पुसून, तेल देऊन पुजायचो. तसंच केलं. राळेचा पांढरा भुगा साफ केला, गजाच्या केसांना खोबरेल चोळलं. काय तुळतुळीत झालाय! हळदकुंकू, झेंडू. पुजलेल्या हत्याराला आता हात लावायचा नाही, त्यामुळे ट्रायल नाही. उद्या थेट स्टेजवर सीमोल्लंघन.

५ ऑक्टोबर, दसरा
गज फिरवला. आवाज नाही. पुन्हा फिरवला. सुळकन गेला, तार हूं की चूं करेना. मंदाकिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गायला लागली. अहाहा! मी शेवटपर्यंत गज फिरवत राहिलो, मध्येच थांबणं बरं दिसत नाही. खूप टाळ्या. तुळजाबाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, आजची तुमची साथ सर्वांत चांगली झाली. दर्दी बाई आहे.

१२ ऑक्टोबर
मंदाकिनीला शेजारच्या सोसायटीचं दिवाळी पहाटेचं बोलावणं! साथीला श्यामसुंदर. मी काय करू, विचारलं. म्हणाली, अहो, पेटी जड आहे, आणि लिफ्ट बंद असते. उतरवायला कोणीतरी हवंच. विचार केला. धक्का न लावता पेटी चार मजले उतरवणं हे येरागबाळ्याचं काम नोहे. हो म्हटलं. उद्यापासून जिन्याचा रियाज.