पुराव्याचे तीन फोटो

प्रिय भिंगरी,

दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी सकाळी मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं, वाकून आत शिरलो आणि आतून पुन्हा खाली ओढून घेतलं. बाहेर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याला वाटलं असेल, फोटोवाल्याचं डोकं फिरलं. मागच्या, फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीचं दार बारा वर्षांत नीट उघडलं नव्हतं. तुझ्या आईने तिथे जुन्या गाद्या, मोडका पंखा आणि तुझी तीनचाकी कोंबून ठेवली होती. ते सगळं बाहेर काढण्यात तास गेला. मग लाल दिवा लावून पाहिला, तर लागला. हात जोडून देवाचं नाव घेतलं आणि टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढला. तुझ्या लहानपणीच्या सगळ्या निगेटिव्ह त्यात आहेत, एकेका वर्षाचं एकेक पाकीट.

आईचा व्हिसा आल्याचं तुला कळलं आहे. माझ्याबद्दल ‘अर्ज अजून तपासात आहे’ असं आम्ही फोनवर सांगत होतो. ते खरं नव्हतं. माझा अर्ज परत आला होता, आणि तो का आला हे तुला सांगायची मला लाज वाटत होती.

तुझं आमंत्रणपत्र आलं तेव्हा मी ते चार वेळा वाचलं. नियमाप्रमाणे सगळं छापील: अमुक दिवशी नोंदणी कचेरीत विवाह, आई-वडील अमुक दिवस माझ्या घरी राहतील, जबाबदारी माझी. आणि खाली पेनाने एकच ओळ: ‘बाबा, साक्षीदार म्हणून तुमची सही हवी आहे.’ चार वर्षं तू आईलाच फोन करायचीस आणि मी पलीकडच्या खुर्चीत बसून ‘बाबांना विचारलंय म्हणून सांग’ एवढंच ऐकत आलो. त्यामुळे त्या ओळीचं मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. आईने मात्र मला सोडलं नाही. ‘अहो, पत्र वाचताय की पाठ करताय? परीक्षा नाहीये,’ म्हणाली.

मग कागदांची जमवाजमव सुरू झाली. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर हवी, ती होती. विमा काढला. जाण्यायेण्याची तिकिटं आरक्षित केली. मी तिथून परत येणार याचा पुरावा म्हणून दुकानाचा परवाना जोडायचा होता. त्यावर तुझी आई म्हणाली, ‘परत यायचा पुरावा कशाला मागतात? या माणसाला दुकानातून बाहेर कसं काढायचं ते विचारा म्हणावं.’ अडलं ते नात्याच्या पुराव्यापाशी. तुला ठाऊक आहे, गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी माझं घरचं नाव ऐकून ‘हे काय नाव आहे, ही तर हाक झाली’ म्हणत स्वतःच्या मनाने दुसरंच घातलं. तेच पासपोर्टवर आहे. तू झालीस तेव्हा मात्र दवाखान्यात मी घरचंच नाव सांगून बसलो. त्या दिवशी शाळेतलं नाव कुणाला आठवतंय! आता कागदांवर तुझे वडील एक आणि अर्ज करणारा माणूस दुसराच. प्रतिज्ञापत्र करून दिलं. त्यासोबत आणखी एक मागणी होती: वडील आणि मुलगी एकत्र असलेले, वेगवेगळ्या वयातले किमान तीन फोटो.

मी हसलो, बघ. म्हटलं, फोटोवाल्याकडे फोटो मागतात! दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या दिवशी आपण दुकानात टायमर लावून फोटो काढायचो. दहा सेकंदांत मी पळत येऊन स्टुलावर बसायचो आणि तू माझ्या धापा टाकण्याला हसायचीस. त्यातले सात निवडले, चांगल्या पाकिटात घालून दिले. आईने तिच्या अर्जाला स्वयंपाकघरातला तुझ्याच फोनवर काढलेला फोटो लावला होता. कडेला कुकर दिसत होता. मी तिला म्हटलंही, असला फोटो कुणी देतं का? आठ दिवसांनी तिचा पासपोर्ट शिक्क्यासह आला. माझ्या पाकिटात एक चिठ्ठी होती. फोटोतली मुलगी आणि आमंत्रण देणारी व्यक्ती एकच असल्याची खात्री होत नाही. डाव्या गालावरची ठळक खूण एकाही फोटोत नाही. पंधरा दिवसांत नवा पुरावा द्यावा, नाहीतर अर्ज बाद.

तुझी आई म्हणाली, ‘मी एकटी जाते. तुमचा फोटो नेते बरोबर. तो तरी गुळगुळीत असेल.’ ती चिडली की अशीच बोलते. पण आत जाऊन तिने डोळे पुसले हेही मी पाहिलं.

चार वर्षांपूर्वी तुझा स्वतःचा व्हिसाचा अर्ज परत आला होता, तो दिवस मी विसरलेलो नाही. गिऱ्हाइकांना मी दिवसभर नियम सांगतो. पांढरी भिंत, चष्मा काढा, दोन्ही कान दिसू द्या, हसू नका, हसायचं ते तिकडे पोचल्यावर हसा. कुणाचा तीळसुद्धा व्हिसाच्या फोटोत पुसत नाही, कारण ते चालत नाही. आणि तुझा फोटो संगणकावर घेतला तेव्हा हात आपोआप डाव्या गालावर गेला आणि खूण पुसून मोकळा झाला. मला कळलंसुद्धा नाही. अर्ज केंद्राच्या खिडकीवरच्या बाईंनी एकदा फोटोकडे, एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि अर्ज परत केला. तिकडच्या दातांच्या प्रयोगशाळेत मिळालेली तुझी ती पहिली नोकरी गेली. तू बसथांब्यावरच्या, पैसे टाकून फोटो काढायच्या यंत्रात शिरलीस, बटण दाबलंस आणि आलेला फोटो माझ्यासमोर ठेवलास. ‘यंत्राला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही, बाबा. मला माझ्या चेहऱ्याची लाज वाटत नाही. तुम्हाला वाटते.’ त्यावर मी काही बोललो नाही. तू धरून चाललीस की तुझं म्हणणं मला पटलं. पोरी, लाज होती हे खरं. पण ती तुझ्या चेहऱ्याची नव्हती.

तर मंगळवारची गोष्ट. कागद आणि रसायन एका जुन्या व्यापाऱ्याकडून मागवलं होतं. तो फोनवर म्हणाला, ‘अजून जिवंत आहात का? मला वाटलं मी एकटाच उरलो.’ पहिलं पाकीट उघडलं. तू सहा वर्षांची. निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवली आणि भिंगातून पाहिली. तुला मी हे काम कधी दाखवलं नाही. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथे अणकुचीदार पेन्सिलीने बारीक बारीक टिंबं देत गेलं की फोटोत डाग उरत नाही. मला हे काम शिकवणारे गुरू म्हणायचे, ‘तुझ्यासारखा हात या गावात दुसरा नाही.’ एका फोटोला मला दोन-दोन तास लागायचे. लोकांच्या फोटोला मी इतका वेळ कधी दिला नाही. काचेवर वाकून बघताना मला ती टिंबं मोजता येईनात, इतकी होती.

कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि पुसायला लागलो. अगदी हलक्या हाताने, कारण जोर जास्त झाला तर फिल्मच खरवडली जाते. पेन्सिल निघाली. खाली तुझा गाल होता तसा होता. इतकी वर्षं मी त्याच्यावर ग्रॅफाइट चढवत होतो, पण फिल्मने काहीही गमावलं नव्हतं. मग कागदावर उजेड टाकला, कागद ट्रेमध्ये सोडला आणि हलवत राहिलो. आधी माझा शर्ट आला. मग तुझ्या दोन वेण्या. मग डोळे, आणि मग डाव्या गालावर, डोळ्याखालून जबड्यापर्यंत, ती खूण. तू हसत होतीस. भिंगरी, त्या हसण्यात काहीही कमी नव्हतं. माझ्या सात सुंदर फोटोंत तू जरा गंभीर दिसायचीस, आणि मला वाटायचं पोरगी कॅमेऱ्याला बुजते. हसलं की तुझी खूण दुमडते आणि गालावर वळ्या पडतात. मी त्यासुद्धा बुजवत होतो. त्याबरोबर अर्धं हसू जायचं.

दुपारपर्यंत तीन फोटो झाले. सहा वर्षं, अकरा वर्षं, सोळा वर्षं. आई डबा घेऊन आली तेव्हा ते दोरीवर वाळत होते. ती चिमट्याला धरून एकेक पाहत गेली. ‘ही माझी मुलगी,’ म्हणाली, बस्स. मग सोळा वर्षांच्या फोटोतल्या माझ्याकडे बोट करून, ‘आणि हा कोण? याच्या टकलावरची पेन्सिलही पुसलीत वाटतं.’

गुरुवारी अर्ज केंद्रात गेलो. नंबर येईपर्यंत मनात देवाचं नाव घेत बसलो होतो. खिडकीवर एक तरुण बाई होत्या, तुझ्याच वयाच्या. त्यांनी तुझ्या पासपोर्टची प्रत आणि तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. ‘आधीच्या फोटोत ही खूण का नव्हती?’ मी म्हटलं, मीच काढून टाकायचो. ‘का?’ अर्जात या प्रश्नाला रकाना नव्हता. कुणालाही न सांगितलेलं ते उत्तर मी त्या अनोळखी बाईंना तिथे उभ्या उभ्या दिलं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. फोटो टाचणीने अर्जाला लावले आणि म्हणाल्या, ‘मुलीला सांगितलंत?’ मी मान हलवली, नाही म्हणून. ‘मग मला कशाला सांगता?’ म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला. रागावल्या नव्हत्या. मला तर बरं वाटलं. काल पासपोर्ट आला. व्हिसा मिळाला आहे. आई कालपासून बॅग भरते आहे आणि माझे बिनइस्त्रीचे शर्ट बाहेर काढून टाकते आहे.

आता ते उत्तर. त्या डब्याच्या तळाशी एक पाकीट होतं, त्यावर वर्ष नव्हतं. आतल्या निगेटिव्हवर पेन्सिलीचं एक टिंबही नव्हतं, कारण बुजवायला काही नव्हतं. तू तेरा महिन्यांची आहेस, माझ्या मांडीवर, आणि दोन्ही गाल स्वच्छ. ती जन्मखूण नाही, पोरी. तू नुकती चालायला लागली होतीस. मी दुकानात एका जोडप्याचा फोटो घेत होतो. दिवा जरा पुढे हवा होता, म्हणून कॅमेऱ्यातून डोळा न काढता मी वायर धरून स्टँड ओढला. तू त्याच्या पायाशी होतीस. तो तापलेला दिवा तुझ्या गालावर पडला. ‘जन्मखूण’ हा शब्द पहिल्यांदा आईने शेजारणीला सांगितला, मला वाचवायला, आणि मग आम्ही दोघं त्याच्या आड राहिलो. देवापुढे मी रोज उभा राहिलो, पण त्याला ठाऊकच आहे म्हणून कधी बोललो नाही. त्यालाच काय, तुलाही नाही. काल आई म्हणाली, ‘आता तुम्हीच सांगा. मी पुष्कळ वाट पाहिली.’ हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी मधेच थांबलो असतो. आणि तिथे येऊन सांगितलं असतं तर दारात उभ्या असलेल्या बापाला तुला नाही म्हणता आलं नसतं. आमचं विमान वीस दिवसांनी आहे, हे पत्र दहा दिवसांत पोचेल. आई येईलच. माझं तू ठरव. तू विमानतळावर दिसशील असं मला मनापासून वाटतं, आणि साक्षीदाराची सही मी शाळेतल्या नावाने करू की घरच्या, तेही तूच सांग. तो फोटो याच पाकिटात ठेवला आहे. त्यावर मी काहीही केलेलं नाही. मागे फक्त शाईने लिहिलं आहे: ‘दिवा पडण्याच्या पंधरा दिवस आधी. दिवा माझ्या हातून पडला.’ आणि खाली सही केली आहे.

तुझाच,
बाबा