बसका पाव

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दादाकडे राहायला गेलात आणि भट्टी माझ्या हाती दिलीत, पण अट घालून. महिनाभरात रोज वीस कणकेचे पाव खपायला लागले तर ठीक, नाहीतर पुन्हा निव्वळ मैदा. आज सात खपले. शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या, वजन तेच असेल गं, पण पांढरा बघ कसा टम्म फुगलाय, हा आपला बसका. वर महागही! यातून कोंडासुद्धा काढत नाहीस, मग जादा पैसे कशाचे? काकूंना काय सांगू? तुम्ही सांगा, आणि ‘मी म्हटलं नव्हतं?’ एवढं वाक्य गाळून सांगा. गुडघा कसा आहे? दादाला छळू नका.

तुमची लाडकी (असं मीच म्हणते),
ठकू

९ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

मी म्हटलं नव्हतं? हां, आता बरं वाटलं.

काकूंना सांग, गिरणीवाला मैदा काढून उरलेला कोंडा गुरांच्या खाद्यासाठी विकतो, म्हणून मैदा स्वस्त पडतो. शिवाय तो पोत्यांनी भरून ठेवता येतो. कणीक लवकर खवट होते, थोडी थोडीच आणावी लागते.

पण खरं सांगू? माझा राग पैशांवर नाही. माझ्या लहानपणी कणकेचा पाव गरिबाचा. आई तोच भाजून विकायची, आणि शाळेत मी सगळ्यांकडे पाठ करून डबा खायचो. मैद्याचा पहिला पाव भाजला तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. आता तोच काळा पाव माझ्याच दुकानात पांढऱ्याहून महाग! हसू येतं आणि चीडही. तुझा दादा म्हणतो, चीडच जास्त.

लोभ आहेच, कळव.
बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डब्याचं तुम्ही कधीच बोलला नव्हतात. फार वाईट वाटलं.

पीठ सैल भिजवलं, जास्त वेळ फुगत ठेवलं, तरी गाडी नऊच्या पुढे जात नाही. एकदा नेणारी माणसं पुन्हा येतात हो, पण नवं गिऱ्हाईक उंची बघूनच पुढे सरकतं. शब्द दिलाय तो पाळीन, एकतीस तारखेला बंद करीन. रडत नाहीये, कांदा चिरतेय असं समजा.

ठकू

२५ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात माझ्या आईचे वीस साचे आहेत. आपल्या साच्यांपेक्षा दोन बोटं अरुंद. तेवढंच पीठ यात घाल, पाव वर डोकं काढील. आईला हे ठाऊक होतं. मैदा आला तशी मी साचे बदलले, पण हे काही टाकवले नाहीत. इथे येतानाही ट्रंकेत घालून आणले. का, ते विचारू नकोस.

महिना आता खोकं पोचेल त्या दिवसापासून मोजायचा. रविवारी मी येतोय. त्या दिवशी एकोणीसच विक, विसावा माझा. दुकानाच्या पायरीवर बसून, रस्त्याकडे तोंड करून खाणार आहे.

लोभ ताजा ठेव.
बाबा