दुर्बिणीवरचं झाकण

प्रिय बारके,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीनं, त्यावर फार जाऊ नकोस. तळपायाची आग मस्तकाला गेलीय माझी. फोनवर बोलले असते, पण फोनवर तू आधी हसतेस, मग रडतेस आणि शेवटी मीच तुझी समजूत काढून फोन ठेवते. म्हणून कागद घेतला. अक्षर मोठं आहे, ओळी तिरक्या गेल्यात, त्याला नावं ठेवू नकोस.

काल ड्रायव्हरकाकांनी आपल्या पक्षी बघायच्या सहलीचे फोटो पाठवले. वाळवंटातली ती थंडी, सगळ्यांची लाल नाकं, तुझी ती भयंकर माकडटोपी. एका फोटोत मी तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून वाकलेय. माझ्या मागे तू उभी, ओठांवर बोट ठेवून गाईडकडे बघतेयस. हे बोट कशासाठी, म्हणून मी फोटो कॉम्प्युटरवर चौपट मोठा केला. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण तसंच होतं. काळं, गोल, चांगलं वाटीएवढं.

पाचव्या दिवशीची सकाळ ती. धाविकासाठी आपण तासभर कुडकुडत बसलो होतो. वाळूच्याच रंगाचा पक्षी, चार पावलं धावतो आणि जागच्या जागी थिजतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी तो कुणालाच सापडत नव्हता. गाईडनं दुर्बीण रोखून ठेवली, वारा सुटला म्हणून झाकण लावलं, आणि तू म्हणालीस, ताई, तू आधी बघ. मी डोळा लावला. मला काळोख दिसला, बारके. निव्वळ काळोख. मला वाटलं, गेला डोळा. आणि मी काय केलं? "अहाहा, काय देखणा आहे!" म्हणाले.

हो, खोटं आधी मीच बोलले, ते नाकारत नाही. उन्हाळ्यापासून समोर बघितलं की मधोमध डाग दिसायचा, दाराची चौकट वाकडी दिसायची. चष्मा पुसला, मायक्रोस्कोपची भिंगं पुसून पुसून झिजवली, पण कुणाला अवाक्षर बोलले नाही. घाबरले होते मी. पण तुला तर त्या क्षणी सगळं कळलं होतं ना? नुसतं "अगं ताई, झाकण आहे" म्हणाली असतीस, तर मी पोट धरून हसले असते आणि हसता हसता तुझ्यापाशी सगळं ओकून मोकळी झाले असते. लहानपणी मी तोंडावर आपटले की सगळ्यात आधी तू खिदळायचीस. एवढ्या वर्षांत नेमकं त्याच सकाळी तुला शहाणपण सुचलं!

शहाणपण कसलं, दया आली तुला माझी. तेवढ्यावरही थांबली नाहीस. संध्याकाळी जेवणाआधी गाईड दिवसभराच्या पक्ष्यांची हजेरी घ्यायचा, आणि ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला त्यानंच "पाहिला" म्हणायचं. नुसता आवाज ऐकलेला पक्षी तो मांडू देत नसे, इतका कडक. धाविकाचं नाव आलं आणि तू ठणकावून म्हणालीस, "दोघींनी पाहिला!" त्या कडक माणसानं मुकाट्यानं मान खाली घातली आणि लिहिलं. मला वाटलं, हिच्या काही लक्षात आलेलं दिसत नाही, म्हणजे एवढं वाईट नसेल. क्षणभर अंधारी आली असेल. बुडत्याला काहीही चालतं. तुझ्या त्या "दोघींनी"वर विसंबून मी सोमवारी कामावर गेले.

माझं काम काय आहे ते तरी तुला ठाऊक आहे का? ताई दवाखान्यात काचा बघते असं तू जगाला सांगत फिरतेस, जशी काही मी खिडक्या पुसते. त्या काचांवर माणसांच्या पेशी असतात, बाई. हजारो धडधाकट पेशींत बिघडलेली एखादीच, ती शोधायची, आणि नसली तर 'दोष नाही' लिहून सही करायची. सव्वीस वर्षं हेच केलं. गेल्या मंगळवारी आमच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी मी सही केलेली एक काच सहज पुन्हा पाहिली. दोष होता. त्या ओरडल्या नाहीत आणि त्यांनी झाकलंही नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला दिसत नाहीये. परकी पोरगी, चार महिन्यांची ओळख, आणि सख्ख्या बहिणीला जमलं नाही ते तिनं केलं. डोळे तपासून झाले. गेलेली नजर परत यायची नाही. माझी खुर्ची सुटली, बारके. हे लिहिताना रडू येतंय, पण ते आवरलं की मी पुन्हा रागावणारच आहे.

उन्हाळ्यापासूनची माझ्या सहीची प्रत्येक काच आता पुन्हा तपासतायत. नावांची यादी मीच काढून दिली. त्यात तुझं नाव आहे. पावसाळ्यात तू तपासणीला आलीस, तेव्हा परक्याच्या हाती कशाला, म्हणून तुझी काच मी हट्टानं स्वतःकडे घेतली आणि 'दोष नाही' लिहिलं. आज दुपारी डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली. मी दाराशी उभी होते. त्यांनी काच काढली आणि पुन्हा लावून पाहिली. मग एवढंच म्हणाल्या, त्यांना उद्याच घेऊन या. तुझा नवरा खाली गाडीत बसलाय, त्याला सगळं सांगितलंय, हे पत्र त्याच्याच हाती देतेय. सकाळी नऊला ये, मी दवाखान्याच्या दारात असेन. मला वाटेल ते बोल, मारलंस तरी चालेल, तुझा हक्क आहे. पण आत बाई जे सांगतील ते बाहेर येऊन मला जसंच्या तसं सांग. ताईला कसं सांगू, असं मनात आणलंस तर मी तुला कधी माफ करणार नाही.

तुझीच,
ताई