नणंदबाईंचं मूठभर मीठ

अनसिंग, मंगळवार, १९५६

मॅट्रिकच्या इंग्रजीतले तीन शब्द आठवडाभर डोक्यात शिरत नव्हते. आज नणंदबाईंनी शिकवले!

माझ्या वांग्याच्या भाजीवरचं झाकण उचलून नाक खुपसलं, तेव्हा त्या मेडलसम. न विचारता वरून मूठभर मीठ टाकलं, तेव्हा ऑफिशियस. मूठभर! पहिल्याच घासाला पंगतीतल्या पुरुषांची तोंडं वाकडी झाली, तर माझ्यावरच डाफरल्या, "काय वं, एवढं मीठ कायले टाकलं?" आणि असे डोळे वटारले, की माझी मानच खाली गेली. हेच ते डॉमिनिअरिंग.

मीठ टाकताना मी त्यांना पाहिलं होतं. तरी मी काय म्हणाले? "चुकलं माझं, बाई."

त्यांच्यासाठी डिक्शनरीत तीन शब्द. माझ्यासाठीचा मला डिक्शनरी न उघडताच येतो.

भित्री.