पाचवा आरोपी आणि माझी सही

करंजवाडीच्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांच्या लोकांनो, हा कागद माझ्या दहाव्याला मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचला जाईल, म्हणून सुरुवात तुमच्यापासून करतो. अंबडच्या बाजारातून परतताना ओढ्याच्या पुलावर तुम्हाला अडवलं, लोखंडी गजांनी मारलं, बायकांच्या कानातलं ओरबाडलं. ज्यांनी हे केलं ते पंधरा दिवसांत जामिनावर सुटून तुमच्याच समोर हॉटेलात चहा पीत बसले. हा राग तुमचा होता आणि माझाही होता. त्या रागात आपण काय करून बसलो ते सांगितल्याशिवाय मला मरता येत नाही.

मी, काकासाहेब मुंजाजी गाडेकर, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे करंजवाडी, तालुका अंबड, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि कोणाच्या दाबाखाली न येता लिहीत आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. लोक असा दाखला भाऊबंदांच्या भीतीनं जोडतात. मला भीती सरकारी वकिलाची आहे. म्हातारा शेवटी भ्रमिष्ट झाला होता, असं तो वरच्या कोर्टात म्हणेल.

कलम १. राहतं घर माझी पत्नी तुळजाबाई हिचं. तिच्यानंतर मुलगा देवानंद याचं. देवानंदानं तिला पुण्याला चल म्हणून मागं लागू नये. चाळीस वर्षं तिनं या घरात माझी भाषणं आधी आरशासमोर आणि मग सभेत अशी दोनदा ऐकली. तिला आता थोडी शांतता मिळू द्या. पोस्टातली बचत तिच्या औषधपाण्याला.

कलम २. सहा एकर जमीन आणि विहीर देवानंदाची, पण एका अटीवर. दरवर्षी पिकं निघाली की साखराबाई पुंजाराम हिच्या कळपाला त्या रानात बसायचा पहिला हक्क राहील. विहिरीचं पाणी मिळेल, आणि खतासाठी रानात मेंढ्या बसवल्याचं धान्य रिवाजाप्रमाणे मिळेल. देवानंदानं शेत बटाईनं दिलं तरी ही अट बटाईदाराला लागू. दोन एकर मी तिच्या नावानं करणार होतो. ती म्हणाली, "जमीन घेऊन काय करू? माझ्या पोरानं काय केलं न्हाई, एवढा कागद द्या." म्हणून हा कागद.

कलम ३. माझी सगळी पुस्तकं अंबडच्या वाचनालयाला. त्यांत न्यायावरच्या वाक्यांखाली मी लाल पेन्सिलीनं रेघा मारल्या आहेत. वाचणाऱ्यानं रेघांवर विसंबू नये. मारणारा कसा निघाला ते पुढं लिहिलं आहे.

कलम ४. लाउडस्पीकरचा संच शाळेला. सभांमध्ये मिळालेल्या शाली ज्याला थंडी वाजते त्यानं न्याव्यात. मानपत्रं चुलीत घालावीत, एक सोडून. ते १९९८ सालचं आहे, "गुंडांचा कर्दनकाळ" असं वर छापलेलं. ते साखराबाईच्या मुलाच्या वकिलाकडं द्यावं. कशाबद्दल मिळालं ते कोर्टालाही कळू द्या.

कलम ५. आता ज्याच्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

१९९६ च्या डिसेंबरात पुलावर माझा धाकटा भाऊ आबाराव याचं कोपर फोडलं. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, "चार व्हते, दादा. दोन फटफट्या, दोघं-दोघं. संपत म्होरं व्हता, त्याला मी वळखलं." फिर्याद लिहिली गेली तेव्हा तिच्यात "चार-पाच इसम" असं आलं. तो पाच आबारावाच्या तोंडचा नव्हता. मी फिर्याद वाचली, आणि गप्प राहिलो.

त्याच आठवड्यात तहसिलीवर मोर्चा नेला. त्या दिवशीचं माझं वाक्य तुमच्यातल्या पुष्कळांना अजून पाठ आहे: "गज कोणी मारला ते विचारू नका. टोळीत जो उभा राहिला तो टोळीचा, आणि टोळीला जामीन नाही." टाळ्या थांबेनात. खाली उतरलो तर एका जमादारानं बाजूला घेतलं. त्याचं आणि ठाण्याचं नाव मी कोर्टासाठी केलेल्या प्रतिज्ञापत्रात दिलं आहे, इथं देत नाही.

"काकासाहेब, भाषण झ्याक झालं," तो म्हणाला. "पण चारच घावले. चारावर दरोडा बसत न्हाई, पाच लागतात. न्हाईतर नुसती जबरी चोरी. मंग बसा परत त्यांचा च्या बघत."

"मग पाचवा शोधा."

"घावला ना. मेंढरंवाला त्रिंबक. पुलाजवळच चारून राह्यला व्हता. गाड्या कोणीकडं गेल्या ते त्यानंच सांगितलं. त्यांच्यातला असल्याबिगर कसं माहीत?"

ज्या माणसानं पोलिसांना वाट दाखवली, तोच पाचवा. हे मी त्याच्या तोंडून ऐकलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. मला दरोड्याचं कलम हवं होतं.

पंच म्हणून बोलावणं येणं हा आपल्याकडं मान समजतात. जागेवर न जाता सही करणं यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. साहेब म्हणतात म्हणजे झालंच असेल. दुसऱ्या दिवशी हॉटेलात मी आणि कारभारी बसलो होतो. कारभारी म्हणजे बसस्टँडजवळ लोखंडी सामानाचं दुकान आहे तो. जमादारानं भजी मागवली आणि कोरे कागद पुढं ठेवले. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या केल्या होत्या. "मजकूर मी भरतो. तुम्हाला उन्हात कशाला तरास?" कारभारीनं तेलकट बोटं वर्तमानपत्राला पुसली आणि सही केली. त्याच्या आधी मी केली होती.

कोर्टात कळलं की त्या कागदावर काय भरलं. त्रिंबकानं आम्हा दोघा पंचांना आपल्या घरी नेलं आणि कडब्याच्या गंजीतून लोखंडी पहार काढून दिली, असं. साक्षीला फक्त मला बोलावलं. मी शपथ घेतली आणि सभेत बोलतो तसा बोललो. त्रिंबकाचा वकील नवखा होता. त्यानं विचारलं, "घराचं तोंड कोणत्या दिशेला?" मी म्हणालो, "पूर्वेला." आपल्याकडं बहुतेक घरं पूर्वेला असतात.

मग ती पहार मला ओळखायला दिली. तिच्या दांड्यावर हिरव्या रंगाचा पट्टा होता. अख्ख्या तालुक्याला माहीत आहे, कारभारी आपल्या दुकानातल्या प्रत्येक पहारीला तसा पट्टा मारतो. पट्टा नवा कोरा होता, मातीचा एक ओरखडा नव्हता. म्हणजे पहार सरळ दुकानातून आणलेली, हे मला त्या पिंजऱ्यातच कळलं. तरी मी म्हणालो, "हीच ती." कळलं नव्हतं असं खोटं आता लिहिणार नाही. त्रिंबक असेलच त्यांच्यातला, अशी मी मनाची समजूत घातली.

पाचही जणांना दहा-दहा वर्षं. मला मानपत्र.

संपतनं मोठा वकील दिला. अपील केलं, जामीन मिळवला, आणि त्याच्यामागं बाकीचे तिघंही सुटले. तुम्ही त्याला रोज बघता. त्रिंबकाचं अपील तुरुंगातून गेलं, त्याच्या जामिनाला उभं राहायला कोणी नव्हतं. धरल्यापासून साडेचार वर्षं झाली, तो आत आहे.

मुंबईच्या टोळ्यांसाठी नवा कडक कायदा झाला, तेव्हा अंबडच्या बाजारात मी त्याचं स्वागत करणारं भाषण केलं. सभा उठली तरी एक बाई उभी राहिली होती. जवळ आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "काकासाहेब, मी त्रिंबकाची माय, साखराबाई. तुमी माझ्या घरी आल्ते म्हून कोर्टात सांगितलं."

मी माईकची वायर गुंडाळायला लागलो.

"येवढा मोठा माणूस घरी आला अन् च्या न घेता गेला, मला लई लाज वाटली. गावात तोंड दाखवाया जागा न्हाई. आता चला. तेव्हाचा च्या राह्यलाय."

भोवती माणसं होती, म्हणून गेलो. घराचं तोंड उत्तरेला आहे. कडब्याची गंज नाही, कधी नव्हती; मेंढरंवाला कडबा कशाला रचेल? तिनं चहा केला. मी पीत होतो तोवर ती दारात उभी होती. "बघून घ्या बराबर," म्हणाली. "परत कोणी इचारलं तर सांगाया येईल."

त्यानंतर दीड वर्ष मी गप्प बसलो. डॉक्टरांनी किती महिने उरले ते सांगितलं, तेव्हा मला धीर आला. माझ्या निर्भीडपणाची लायकी एवढीच, लिहून ठेवतो.

कलम ६. काकासाहेबांचं मत फिरलं, असा गवगवा संपतच्या माणसांनी करू नये. टोळी करून रस्ता अडवणाऱ्याला एकट्या चोरापेक्षा जड शिक्षा हवी, हे मी आजही म्हणतो. एकटा चोर तुम्हाला भितो. टोळी भीत नाही, आणि तिच्यापायी गाव आपलं तोंड शिवून घेतं. संपतला दहा वर्षं कमी आहेत. पण शिक्षा जितकी जड, तितकं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असायला हवं. आपण उलटं केलं. जड शिक्षा बसावी म्हणून माणूस आणून भरला. त्यातून मिळालं काय? संपत बाहेर आहे. आणि गेल्या वर्षी पुलावर पुन्हा लूट झाली, तेव्हा पोलिसांनी अकरा जणांना विचारलं. अकराही जण म्हणाले, "काय पाह्यलं न्हाई, साहेब." त्रिंबकानं पाहिलेलं सांगितलं होतं, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. संपतच्या टोळीला एवढी मदत दुसऱ्या कोणी केली नसेल.

कलम ७. देवानंद फोनवर म्हणाला, "बाबा, कशाला उकरून काढता? लोक तुमच्या नावानं थुंकतील." थुंकू द्या. माझी शोकसभा घेऊ नये. कोणी माझ्याविषयी चार शब्द बोलायला उभा राहिलाच, तर तुळजाबाईनं त्याच्या हातून माईक काढून घ्यावा. तिला ते जमेल.

कलम ८. कारभारी, शेवटचं कलम तुझ्यासाठी आहे. मला माहीत आहे, तू पाराच्या मागच्या बाजूला, निघून जाता येईल असा बसला असशील.

आबाराव गेला. जमादार तोंड उघडणार नाही. खरं सांगू शकेल असा जिवंत माणूस तू एकटा. मार्च महिन्यात मी तुझ्या दुकानात आलो आणि माझ्या सवयीनं तुला कायद्याचं पुस्तक वाचून दाखवलं: खोट्या पुराव्यानं ज्याला जितकी शिक्षा होऊ शकते, तितकी खोटा पुरावा देणाऱ्याला. तू शटर ओढलंस. "तुमी चाललात वर, काकासाहेब. मला दोन पोरी उजवायच्यात. दहा वर्षं कोण भरील, तुमची पुस्तकं?" बरोबर बोललास. भ्यालेल्या माणसाला मी आणखी भीती दाखवली. जन्मभर सभेत हेच केलं.

म्हणून आता जे तेव्हा सांगायला हवं होतं ते ऐक. साक्षीच्या पिंजऱ्यात तू चढलाच नव्हतास. शपथेवर खोटं बोललो तो मी. तुझी सही कोऱ्या कागदावर होती, आणि ती करायला तुला मी बसवलं, असं मी एप्रिलमध्ये माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं आहे. तुला काहीच त्रास होणार नाही, असं वचन मी देत नाही. पण जो दोष असेल तो सगळा माझ्यावर ढकल. मेलेल्याला कोणी तुरुंगात घालत नाही, तेवढा माझा उपयोग करून घे.

त्रिंबकाच्या अपिलाची तारीख सोमवार, १८ जून आहे; डॉक्टरांच्या हिशेबानं माझा दहावा त्याच्या आधीच येतो. माझा एकट्याचा कागद आजाऱ्याची बडबड म्हणून बाजूला सारतील. मुद्देमालाच्या कोठडीत ती पहार अजून आहे. तिच्यावरचा पट्टा कोणाच्या दुकानातला, ती कोणी नेली आणि कधी, हे तूच सांगू शकतोस. हे वाचन संपलं की पारावरून उठ, दुकान आज बंद ठेव, अंबडची पहिली एसटी धर आणि त्रिंबकाच्या वकिलासमोर प्रतिज्ञापत्रावर सही कर. मजकूर आधी वाचून घे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रामकिसन भाऊराव तळेकर यांनी करावी. वर लिहिलेलं सगळं माझं आहे आणि मी ते वाचून सही करत आहे.

(सही) काकासाहेब मुंजाजी गाडेकर

काकासाहेबांनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष केली. आम्हाला या मृत्युपत्रानं काही मिळत नाही.

साक्षीदार:
१. (सही) रामकिसन भाऊराव तळेकर, निवृत्त मुख्याध्यापक, रा. करंजवाडी
२. (सही) उषाबाई दगडू वाघमोडे, अंगणवाडी सेविका, रा. करंजवाडी

स्थळ: मौजे करंजवाडी, ता. अंबड, जि. जालना
दिनांक: २ मे २००१